‘तंत्रस्नेही’ रजेवर असला तरी वर्ग चालावा म्हणून: केंद्रातल्या शाळांच्या कामाच्या नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२५

१९ जून. आधी मोजदाद

शिक्षकांना शाळेतले टीव्ही आणि लॅपटॉप स्वतःच्या हाताने वापरता यावेत, म्हणून हे काम. केंद्र (जवळपासच्या प्राथमिक शाळांचा गट) घाटमाथ्याजवळचं. बहुतेक शाळा दोनशिक्षकी, पहिली ते चौथी. पावसाळ्यात वीज कधीही जाते आणि मोबाइलची रेंज शाळेच्या एखाद्या कोपऱ्यातच मिळते. खरेदीआधी प्रत्येक शाळेत काय पडून आहे याचा तक्ता केला: टीव्ही किती इंची, मागे कोणती भोकं आहेत, रिमोट जिवंत आहे का, लॅपटॉपची रॅम किती, खोलीतल्या बोर्डाला अर्थिंग आहे का. टीव्ही सगळीकडे निघाले. लोकवर्गणीतून घेतलेले, ३२ ते ४३ इंची, बरेचसे कापडाखाली झाकलेले. लॅपटॉप ४ जीबी रॅमचे, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचे, चालू व्हायला पाच-सात मिनिटं घेणारे.

“कोणतं तंत्रज्ञान शिकायचंय?” या प्रश्नाला एकच उत्तर येतं: “सगळंच दाखवा, सर.” त्यातून काही हाती लागत नाही. प्रश्न बदलला: “आठवड्यातलं कोणतं काम नकोसं होतं?” मग खरी यादी आली. टीव्हीवर व्हिडिओ लागत नाहीत, गुणांचे तक्ते पुन्हा पुन्हा करावे लागतात, प्रश्नपत्रिका टाइप करून दुसऱ्याला पाठवली की अक्षरांची खिचडी होते. कामाचा क्रम याच यादीवरून ठरवला.

दोन नियम सुरुवातीलाच पक्के केले. पहिला: ज्याचं काम, त्याचाच हात माउसवर. मदत करणाऱ्याने बोटाने दाखवायचं, बटण दाबायचं नाही. दुसरा: शाळेतला सर्वांत तरुण शिक्षक आपोआप ‘तंत्रस्नेही’ (तंत्रज्ञानाची सगळी कामं बघणारा) ठरवायचा नाही. तो ठरला की यू-डायस (शाळेच्या माहितीची ऑनलाइन नोंद), शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली), शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं त्याच्याच गळ्यात पडतं आणि बाकीच्यांचं शिकणं थांबतं. त्याची बदली झाली की टीव्हीवर पुन्हा कापड पडतं.

२६ जून. शिक्षण परिषदेतलं प्रात्यक्षिक: उपयोग शून्य

केंद्राच्या शिक्षण परिषदेत (सगळ्या शाळांच्या शिक्षकांची बैठक) प्रोजेक्टर लावून सगळ्यांना एकत्र दाखवलं. दीक्षा अॅप (पाठ्यपुस्तकांशी जोडलेली सामग्री देणारं सरकारी अॅप), पीडीएफ मोठी करणं, टीव्हीला लॅपटॉप जोडणं. माना डोलल्या, फोटो निघाले. पुढच्या आठवड्यात शाळांमधून चौकशी केली तर एकाही वर्गात त्यातलं काही झालेलं नव्हतं.

कारणं सरळ होती. प्रात्यक्षिकातला लॅपटॉप वेगळा, शाळेतला वेगळा. केबल इथे आयती जोडलेली, तिथे ती कुठे खुपसायची हाच प्रश्न. आणि पाऊण तासात दहा गोष्टी दाखवल्या, त्यातली पहिली आठवेपर्यंत दहावी येऊन गेली.

यापुढे परिषदेत फक्त पाच मिनिटं, तीही एखाद्या शिक्षकाने आपल्या वर्गात काय चाललं ते सांगायला. शिकवणं शाळेत जाऊन, त्याच टीव्हीवर, त्याच रिमोटने, एका वेळी एकच काम.

३ जुलै. टीव्ही: “सर, नुसता निळा पडदा दिसतोय”

सर्वांत जास्त वेळ इथे गेला, म्हणून तपशिलात लिहितो.

*निळा किंवा काळा पडदा.* टीव्ही चुकीच्या सोर्सवर असतो. लॅपटॉपची केबल लागते त्या मागच्या भोकाशेजारी एचडीएमआय १, २ असं लिहिलेलं असतं. रिमोटवरच्या सोर्स किंवा इनपुट बटणाने तोच क्रमांक निवडायचा. तरी दिसलं नाही तर लॅपटॉपवर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’. केबल जिथे जोडली त्या भोकाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. हा उपाय सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत टिकाऊ निघाला.

*कडा कापल्या जातात.* लॅपटॉपची खालची पट्टी टीव्हीवर दिसत नाही. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये आकाराचा पर्याय १६:९ वर असतो. तो ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा त्या कंपनीने जे नाव दिलं असेल त्यावर न्यायचा. लॅपटॉपचं रिझोल्यूशन बदलत बसू नये, दोष तिथे नसतो.

*चित्र आहे, आवाज नाही.* एचडीएमआयमधून आवाजही जातो, पण लॅपटॉप कधी कधी तो स्वतःच्याच स्पीकरकडे ठेवतो. खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून टीव्हीचं नाव निवडायचं.

*पेन ड्राइव्हवरचा व्हिडिओ चालत नाही.* यात तीन वेगळे दोष असतात आणि पडद्यावरचा संदेश मात्र एकच. पहिला, ड्राइव्हचं फॉरमॅट (फाइली साठवण्याची पद्धत): जुने टीव्ही एनटीएफएस किंवा एक्सफॅट वाचत नाहीत, त्यांना फॅट३२ लागतं. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. शिवाय विंडोज १० मध्ये फॉरमॅटच्या नेहमीच्या खिडकीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला हा पर्याय दिसतच नाही. म्हणून ३२ जीबीचेच ड्राइव्ह घेतले, झंझट संपली. दुसरा, व्हिडिओचा प्रकार: फाइलचं शेपूट एमपी४ असलं तरी आत एच.२६५ किंवा व्हीपी९ (व्हिडिओ आकसून साठवण्याच्या नव्या पद्धती) असेल तर जुना टीव्ही हात वर करतो. लॅपटॉपवर हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘फास्ट ७२०पी३०’ निवडून फाइल नव्याने काढली की ती एच.२६४ आणि एएसी आवाजात येते. ती सगळ्या टीव्हींवर चालली. जुन्या लॅपटॉपवर दहा मिनिटांच्या व्हिडिओला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेव्हा हे काम शाळा सुटल्यावर लावून द्यावं. तिसरा, फाइलचं नाव: काही टीव्ही देवनागरी नावाऐवजी चौकोन दाखवतात. नावं रोमन अक्षरांत, सुरुवात दोन आकडी क्रमांकाने. नुसतं १, २, ३ लिहिलं तर टीव्ही १ नंतर १० आणि मग २ लावतो.

*झिणझिण्या.* एका शाळेत एचडीएमआयची पिन लावताना बाईंच्या बोटाला झिणझिण्या आल्या. बोर्डात तिसरं भोक होतं, पण मागे तार नव्हती. टेस्टर लावून हे कळत नाही. वायरमनने मल्टिमीटरने फेज आणि अर्थमधलं व्होल्टेज पाहिलं, तिथे २३० च्या आसपास यायला हवं होतं, आकडा नुसता भटकत होता. नवीन अर्थिंग होईपर्यंत त्या शाळेत केबल बंद, फक्त पेन ड्राइव्ह. जोडायचीच वेळ आली तर दोन्ही प्लग काढून, आधी केबल आणि मग वीज.

खर्च: ५ मीटर एचडीएमआय केबल सुमारे ४०० रुपये, ३२ जीबी पेन ड्राइव्ह साडेतीनशेच्या आसपास. दहा मीटरची स्वस्त केबल एका ठिकाणी घेतली, तिच्यावर चित्र मधूनच जायचं. ५ मीटरच्या पुढे स्वस्त केबल घेऊच नये.

११ जुलै. टीव्ही लागला, पण मागच्या रांगेला वाचता येत नाही

४३ इंची टीव्हीच्या चित्राची उंची साधारण ५३ सेंटिमीटर. मजकूर वाचायचा असेल तर उंचीच्या सहापट अंतरापर्यंतच मुलं बसवावीत, म्हणजे सव्वातीन मीटर. ३२ इंचीला हेच अंतर २.४ मीटर. वर्गखोली याहून लांब असते. पुस्तकाचं अख्खं पान टीव्हीवर लावलं तर मागची मुलं फक्त रंग बघतात.

म्हणून चिकटपट्टीने जमिनीवर रेघ मारली. टीव्ही चालू असताना सगळी मुलं रेघेच्या अलीकडे, सतरंजीवर. टीव्ही भिंतीवर उंच टांगलेला असेल तर शक्य तिथे खाली घेतला. पान अख्खं दाखवायचं नाही; एक चित्र किंवा एक परिच्छेद मोठा करायचा. स्वतः केलेल्या स्लाइडवर अक्षर ३२ पॉइंटच्या खाली नाही आणि सहाच्या वर ओळी नाहीत.

खिडकीसमोरचा टीव्ही दुपारी आरशासारखा होतो. पडद्यांचा खर्च करण्याआधी टीव्हीची भिंत बदलून बघा. एका शाळेत तेवढ्यावर भागलं.

२२ जुलै. क्यूआर कोड आणि दीक्षा

पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड शिक्षकांना माहीत आहेत, पण वर्गात कोड स्कॅन करून गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसण्याचा अनुभव सगळ्यांनी घेतला आहे. उपाय एवढाच: कोड घरी, नेट असलेल्या ठिकाणी, आदल्या दिवशी स्कॅन करायचा आणि सामग्री अॅपमध्येच डाउनलोड करून ठेवायची. वर्गात ती नेटशिवाय उघडते. कोड झिजला असेल, पान फाटलं असेल तर त्याच्याखाली छापलेला सहा अक्षरांचा कोड अॅपमध्ये टाइप केला तरी चालतो. हे बहुतेकांना नवीन होतं.

फोनमध्ये जागा नसते ही खरी अडचण. गॅलरीतले ‘सुप्रभात’चे फोटो काढायला सांगितले की सगळे हसतात, पण दोन-दोन जीबी तिथेच अडकलेले असतात.

पहिलीची पुस्तकं या वर्षी बदलली. जुन्या पेन ड्राइव्हमधलं पहिलीचं फोल्डर नव्या पुस्तकाशी जुळत नाही. ते पुसलं नाही, नाव बदलून ‘जुनी पहिली’ केलं. गाणी आणि गोष्टी अजून चालतात.

१ ऑगस्ट. मराठी टायपिंग

खिचडीचं कारण जुने फॉन्ट. त्यात ‘क’ दिसतो खरा, पण आत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की सगळं उघडं पडतं. सगळ्यांनी युनिकोडवर (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) यायचं ठरलं, पण कोणता कीबोर्ड यावर वाद घातला नाही. ज्यांना टायपिंग येतच नाही त्यांना इन्स्क्रिप्ट (भारतीय लिपींसाठीची प्रमाण कीबोर्ड रचना), कारण सवय लागली की वेग तिथेच येतो. ज्यांना इंग्रजी कीबोर्डची सवय आहे त्यांना विंडोजमधलाच मराठी फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप केला की मराठी उमटतं). भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी घेऊन तो जोडायचा, विंडोज आणि स्पेस बार दाबून बदलायचा. वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही.

निवृत्तीजवळ आलेल्या गुरुजींसाठी फोनवर बोलून टाइप करणं. स्वच्छ मराठी बोलणाऱ्यांचं फार चांगलं उमटतं. विरामचिन्हं मागून घालावी लागतात, आणि शेजारी वर्ग चालू असेल तर पाढेही प्रश्नपत्रिकेत येतात.

जुन्या फाइली रूपांतरकातून काढताना मूळ फॉन्टचं नाव अचूक निवडावं लागतं. नंतर तपासायला पाच शब्द ठेवले: दुसऱ्या, वर्ष, विद्यार्थी, क्लिष्ट, तऱ्हा. हे नीट आले तर बाकीचं बहुधा नीट. रफार आणि पहिली वेलांटी सर्वांत जास्त बिघडतात.

पहिली-दुसरीच्या बाईंनी एक गोष्ट लक्षात आणून दिली, ती आधी कुणाच्याच डोक्यात नव्हती. विंडोजमधल्या नेहमीच्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मुलं पुस्तकात मराठी वळणाचा ल गिरवतात आणि चाचणीच्या कागदावर वेगळाच बघतात. मग ‘लसूण’ वाचताना अडतात. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हा मोफत फॉन्ट टाकला, त्यात दोन्ही अक्षरं मराठी वळणाची आहेत. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करूनच, म्हणजे समोर फॉन्ट असो-नसो, कागद तसाच राहतो.

१९ ऑगस्ट. लॅपटॉपमध्ये जीव घालणं

संथ लॅपटॉपवर कुणालाही काही शिकवणं म्हणजे बैलाशिवाय नांगर दाखवणं. क्लिक केलं, काही झालं नाही म्हणून पुन्हा क्लिक केलं, मग चार खिडक्या एकदम उघडल्या, आणि शिक्षक म्हणणार, “मला हे जमायचं नाही.” दोष यंत्राचा, नाव माणसाचं.

हार्ड डिस्क काढून २४० जीबीची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकली: सुमारे १,८०० रुपये. चालू व्हायला अर्धा मिनिट. रॅम ८ करण्यापेक्षा फरक यानेच जास्त पडतो. पैसे एकाच गोष्टीला असतील तर एसएसडी. डिस्क बदलण्याआधी डेस्कटॉपवरच्या आणि डाउनलोडमधल्या फाइली वेगळ्या ड्राइव्हवर घ्याव्यात. ‘माझं काहीच नाही त्यात’ असं सांगणाऱ्यांचे मागच्या तीन वर्षांचे निकाल डेस्कटॉपवर निघतात.

एका लॅपटॉपवर सगळ्या वेबसाइट ‘असुरक्षित’ दाखवत होत्या. तारीख २०१५ ची होती. आतला बटण सेल संपलेला. सीआर२०३२, ४० रुपये. (काही मॉडेलमध्ये हा सेल तारेला जोडलेला असतो, सुटा आणून बसत नाही, जुना काढून दुकानात दाखवावा.)

विंडोज १० चा आधार (मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-सुधारणा) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय आणि यातले बहुतेक लॅपटॉप ११ साठी अपात्र आहेत. नेटला न जोडता फक्त टीव्हीसाठी वापरायचे ते तसेच ठेवणार. ज्यावर शाळेचं ऑनलाइन काम होतं, तिथे लिनक्स मिंटची (विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत प्रणाली) चाचणी सुरू. तिच्यातल्या लिब्रेऑफिसची (वर्ड-एक्सेलच्या जागी मोफत प्रोग्रॅम) सवय लागते. प्रिंटरचं मात्र आधी तपासावं, घाई करू नये.

४ सप्टेंबर. गुणांचा तक्ता

गणपतीच्या सुट्टीनंतर लगेच हे घेतलं, कारण संकलित १ (पहिल्या सत्राची परीक्षा) जवळ आलं की कुणालाच शिकायला वेळ नसतो.

तयार तक्ता देऊन पाहिला होता. सूत्रांवर आकडे टाइप होऊन पहिल्याच दिवशी तो मोडला. दुसऱ्या फेरीत सूत्रांचे चौकोन कुलूपबंद केले: जिथे गुण भरायचे ते चौकोन आधी ‘अनलॉक’ करायचे आणि मग पूर्ण शीट ‘प्रोटेक्ट’. पासवर्ड ठेवला नाही. मुद्दा चुकून बोट लागू नये एवढाच.

यात अडलेल्या गोष्टी:

बेरीज शून्य येत होती. बाईंनी मराठी कीबोर्ड चालू ठेवून देवनागरी आकडे टाइप केले होते. एक्सेलच्या लेखी ते अक्षर आहे, संख्या नाही. ओळखायची खूण: संख्या चौकोनात उजवीकडे सरकते, अक्षर डावीकडे चिकटतं. गुण भरताना कीबोर्ड इंग्रजीवर. भरणाऱ्या चौकोनांना ‘डेटा व्हॅलिडेशन’मध्ये ० ते कमाल गुण अशी मर्यादा घातली, आता देवनागरी आकडा किंवा २० पैकी २१ असं काही घेतच नाही.

श्रेणी चुकत होती. तिसरी-चौथीला आकारिक (सत्रभराच्या वर्गकामाचे गुण) ६० आणि संकलित ४०, मिळून १००. श्रेणीसाठी शेजारी छोटं कोष्टक: ० ला इ-२, २१ ला इ-१, ३३ ला ड, ४१ ला क-२, ५१ ला क-१, ६१ ला ब-२, ७१ ला ब-१, ८१ ला अ-२, ९१ ला अ-१. व्हीलुकअपने (कोष्टकात शोधून उत्तर देणारं सूत्र) जवळची खालची पायरी शोधायची, म्हणजे शेवटी ‘ट्रू’. कोष्टक चढत्या क्रमाने नसेल तर उत्तर बिनदिक्कत चुकीचं येतं आणि कुठलीही चूक दाखवत नाही. रूपांतर करताना ९०.५ असे गुण आले की ते अ-२ मध्ये पडतात. आधी पूर्णांक, मग श्रेणी.

गैरहजर मुलाला ० लिहिलं की वर्गाची सरासरी पडते. चौकोन रिकामा ठेवला तर ‘भरायचा राहिला’ की ‘गैरहजर’ हे कळत नाही. ‘गै’ लिहायचं ठरलं; सरासरीचं सूत्र अक्षर आपोआप वगळतं. हा पर्याय व्हॅलिडेशनमध्ये बसत नव्हता, म्हणून तिथे सूत्रच बदलून ‘संख्या किंवा गै’ असं केलं. एवढ्यासाठी अर्धी दुपार गेली.

एका शाळेत नावांचा रकाना निवडून क्रमवारी लावली आणि ‘फक्त एवढाच’ या पर्यायाला होकार दिला. नावं हलली, गुण जागेवर. कागदी नोंद होती म्हणून निभावलं. आता शीटवर क्रमवारी बंद ठेवली आहे. मुलांचा क्रम हजेरीपत्रकाचा, तोच कायम.

एका बाईंनी स्वतःहून वेगळं काढलं: ४१ च्या खालचे चौकोन फिकट लाल होतील असं स्वरूपण. सूत्र त्यांनी रविवारी घरी शोधलं. केंद्रातल्या सगळ्या तक्त्यांत आता तेच आहे, आणि कुणी विचारलं की फोन त्यांनाच जातो.

१७ सप्टेंबर. नेटशिवायचं वाचनालय

चौथ्या महिन्यात हे घेतलं. आधी घेतलं असतं तर कुणी वापरलं नसतं.

कोलिब्री हा मोफत प्रोग्रॅम. एका लॅपटॉपवर टाकला की त्याच्या वाय-फायवरच्या फोन-टॅबवर ब्राउझरमधून गोष्टी, व्हिडिओ, सराव उघडतात, नेट लागत नाही. जोडणी अशी: साधा राउटर (सुमारे १,१०० रुपये), त्याचं नेटचं भोक रिकामं, लॅपटॉप राउटरच्या लॅन भोकात तारेने, राउटरच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपचा पत्ता कायमचा राखून ठेवला, १९२.१६८.०.१००. फोनच्या ब्राउझरमध्ये हा पत्ता, मग विसर्गासारखे दोन टिंब, मग ८०८०. आकडे इंग्रजी. पहिल्या कार्डावर पत्ता देवनागरी आकड्यांत छापला होता, दोघांनी तसाच टाइप केला, अर्थातच उघडला नाही. कार्ड नव्याने छापलं.

पुढच्या अडचणी, ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने. फोन म्हणतो ‘या वाय-फायला इंटरनेट नाही’ आणि गुपचूप मोबाइल डेटावर जातो. डेटा बंद करायचा किंवा ‘जोडलेलं राहू दे’ निवडायचं. विंडोजची फायरवॉल (बाहेरच्या जोडण्या रोखणारी सुरक्षा) अडवते. जोडणी ‘पब्लिक’ऐवजी ‘प्रायव्हेट’ करायची. लॅपटॉपचं झाकण मिटलं की सगळं बंद. पॉवर सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर ‘काही करू नको’. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो पण राउटर मरतो. राउटरचा छोटा यूपीएस १,२०० रुपयांना मिळाला. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट बघा: ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा यूपीएस लावू नका, पिन बसते म्हणून.

सामग्री अख्खी उतरवू नये. एकेक चॅनेल कित्येक जीबीचं असतं; आत जाऊन हवे तेच विषय निवडता येतात. तालुक्याच्या ठिकाणी एकदा उतरवून ‘एक्स्पोर्ट’ने बाहेरच्या ड्राइव्हवर घेतलं आणि प्रत्येक शाळेत तिथून आत घेतलं. पहिलीच्या मुलांना पासवर्ड नको. सेटिंगमध्ये विद्यार्थ्यांसाठी तो काढता येतो, नुसतं नाव निवडायचं.

मराठी सामग्री हवी तेवढी नाही, हे आधीच सांगून टाकावं म्हणजे अपेक्षाभंग होत नाही. सर्वांत उपयोगी पडल्या त्या स्टोरीवीव्हर या मोफत गोष्टींच्या वेबसाइटवरच्या मराठी चित्रकथा. त्यांचा परवाना खुला आहे, पीडीएफ उतरवून वाटता येतात, पातळीनुसार लावलेल्या असतात. यूट्यूबवरून उचललेले व्हिडिओ सर्व्हरवर टाकायचा आग्रह झाला, टाकले नाहीत. मालकाची परवानगी नाही ते शाळेच्या नावावर वाटायचं नाही.

२६ सप्टेंबर. ‘चालत नाही’ चा बंदोबस्त

व्हॉट्सअॅप गटावर ‘टीव्ही चालत नाही’ एवढाच निरोप येतो आणि मग वीस उलट प्रश्न. आता ठराविक तीन गोष्टी: पडद्याचा फोटो, मागच्या केबलचा फोटो, शेवटचं बटण कोणतं दाबलं. फोटो काढायला टीव्हीच्या मागे गेलं की निम्म्या वेळा सुटलेली केबल तिथेच दिसते आणि निरोप पाठवावाच लागत नाही.

प्रत्येक टीव्हीच्या बाजूला लॅमिनेट केलेलं कार्ड, २० रुपये. पाठपोट नाही, एकच बाजू, सहा ओळी, त्या शाळेच्याच रिमोटचा फोटो. मजकूर शाळेतल्या शिक्षकांनी त्यांच्या शब्दांत लिहिला. आमच्या मसुद्यात ‘इनपुट सोर्स निवडा’ होतं. त्यांनी लिहिलं, ‘बाण असलेलं बटण दोनदा, मग २’. तेच चालतं.

मदतीला गटावर उत्तर देण्याची वेळ ठरवली: शाळा सुटल्यानंतर. शाळेच्या वेळेत लगेच उत्तर मिळतं असं दिसलं की कार्ड कुणी वाचत नाही.

९ ऑक्टोबर. काय टिकलं, काय नाही

टीव्ही आणि पेन ड्राइव्ह सगळीकडे सुरू. गुणांचा तक्ता जिथे स्वतःच्या वर्गाच्या खऱ्या गुणांवर शिकवला तिथे टिकला. जिथे नमुन्याच्या आकड्यांवर शिकवला तिथे पुन्हा कागदावर गेले. कोलिब्री सध्या मोजक्या शाळांत, कारण टॅब कमी आणि दोनशिक्षकी शाळेत एक जण कायम कुठल्या तरी बैठकीला. पण तिथेच त्याचा खरा उपयोगही दिसला: तिसरीला गणित शिकवताना दुसरीची मुलं राउटरजवळ बसून चित्रकथा वाचतात.

कागदी कार्ड वर धरून उत्तर देण्याचं प्लिकर्स (शिक्षकाच्या फोनचा कॅमेरा कार्डं वाचतो) करून पाहिलं. मुलांना फार आवडतं, शिक्षकाला लगेच कळतं कुणाला आलं नाही. पण फोनला नेट लागतं. रेंज असलेल्या वर्गातच शक्य. कार्डं गुळगुळीत लॅमिनेट करू नयेत, चकाकीमुळे कॅमेरा वाचत नाही.

१५ ऑक्टोबर. दिवाळीच्या सुट्टीआधी

शाळा बंद ठेवताना करायचं, कार्डाच्या शेजारीच चिकटवलं: टीव्ही, राउटर, यूपीएस सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढणे, नुसतं बटण बंद नाही, परतीच्या पावसात वीज पडते. टीव्हीला डिशची तार असेल तर तीही काढणे. लॅपटॉपची बॅटरी निम्मी भरलेली ठेवून कपाटात, केबल डब्यात. उंदरांना एचडीएमआय आणि यूएसबी सारख्याच. गुणांच्या तक्त्याची एक प्रत मुख्याध्यापकांच्या ईमेलवर, एक पेन ड्राइव्हवर, आणि छापील सही केलेली फाइलला. कोलिब्रीच्या लॅपटॉपचा पासवर्ड लिहिलेलं पाकीट मुख्याध्यापकांच्या कपाटात. दुसऱ्या सत्रात पहिलं काम: राहिलेल्या दोन शाळांचं अर्थिंग आणि मिंटवर प्रिंटर.